खोलीच्या बिलातला टीआयडी: लॉजिंगवाल्यांच्या आकारणीतून गावाची जाहिरात
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात मोटेल, हॉटेल किंवा बी अँड बी चालवणाऱ्यांकडे एक दिवस सिटीकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, टीआयडीचं जाडसर पाकीट येतं. आत नकाशा, हॉटेलांची यादी, एक टक्केवारी आणि सभेची तारीख असते. बरेच जण ‘आला आणखी एक कर’ म्हणून ते काउंटरखाली सारतात. हे पान त्या मराठी मंडळींसाठी आहे. कोकणात होमस्टे चालवणाऱ्या आणि ‘तिकडे गावाची जाहिरात कोणाच्या पैशाने होते?’ असं विचारणाऱ्यांनाही यात कामाचं काही सापडेल. माझं मत आधीच सांगते: हा पैसा तो भरणाऱ्यांचा असतो, आणि पाकीट उघडून सभेला जाणाऱ्यांच्याच ताब्यात तो राहतो.

टीआयडी म्हणजे नेमकं काय?

टूरिझम इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. एका ठरावीक हद्दीतले हॉटेल-मोटेलवाले मिळून ठरवतात की प्रत्येकाने खोलीभाड्याच्या उत्पन्नातून अमुक टक्के द्यायचे आणि त्या पैशातून फक्त त्या हद्दीतल्या खोल्या भरतील अशी जाहिरात व विक्री करायची. ठराव सिटी कौन्सिल किंवा काउंटी करते, वसुलीही बहुधा तीच करते, पण खर्च कसा करायचा हे मालकांची ना-नफा संस्था बघते. काही गावांत याला टीबीआयडी म्हणतात (मधला बी बिझनेसचा), काही ठिकाणी टूरिझम मार्केटिंग डिस्ट्रिक्ट. गाभा एकच.

मग हा टीओटीच झाला ना? वेगळं काय?

नाही, आणि हा फरक समजला की बाकीचं अर्धं आपोआप समजतं.

टीओटी, म्हणजे ट्रान्झियंट ऑक्युपन्सी टॅक्स, हा कर आहे. तो सिटीच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्यातून पोलीस, रस्ते, ग्रंथालय, काहीही चालू शकतं, आणि पर्यटनासाठी त्यातला एक डॉलरही ठेवायचं बंधन सहसा नसतं. तो वाढवायचा तर मतदारांची मंजुरी लागते.

टीआयडीची आकारणी ही कायद्याच्या भाषेत कर नाही. ती ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याच फायद्यासाठी खर्च व्हावी लागते. म्हणून तिला गावातल्या मतदारांचं मतदान लागत नाही, पैसे भरणाऱ्या मालकांची संमती लागते. 2010 च्या प्रपोझिशन 26 नंतर (प्रपोझिशन म्हणजे राज्यातल्या मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला प्रस्ताव) ही अट आणखी कडक झाली. भरणाऱ्याला मिळणारा फायदा थेट आणि ठरावीक हवा, तो न भरणाऱ्याला दिला जाता कामा नये, आणि आकारणी त्या सेवेच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त नको. यातली अट मोडली तर आकारणी कोर्टात ‘बेकायदा कर’ ठरू शकते.

हे सुरू कुठून झालं?

1978 च्या प्रपोझिशन 13 ने कॅलिफोर्नियातल्या मालमत्ता कराला लगाम घातला आणि खास कामासाठीच्या करांना दोन-तृतीयांश मतांची अट लावली. सिटींच्या हातातला पैसा आटला, आणि पर्यटनाच्या जाहिरातीसारख्या खर्चाला कात्री लावणं सर्वांत सोपं होतं. पुढे 1989 मध्ये पार्किंग अँड बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया कायदा आला. त्याच्या आधारे 1992 मध्ये वेस्ट हॉलिवूडने हॉटेलांपुरतं क्षेत्र आखलं. ते या प्रकारचं पहिलं मानलं जातं. 1994 च्या प्रॉपर्टी अँड बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट कायद्याने मुदत, आराखडा आणि मालकांचं नियंत्रण जास्त घट्ट केलं. आज राज्यात शंभराहून अधिक टीआयडी आहेत.

तुमच्या गावची टीआयडी 1989 च्या कायद्याखाली आहे की 1994 च्या, हे पाकिटातल्या पहिल्या-दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं. आधी ते बघा, कारण हक्क बदलतात. 1989 च्या कायद्यात कौन्सिल दरवर्षी आकारणी पुढे चालू ठेवते आणि मालकांचं मंडळ सल्लागार असतं. खालची उत्तरं मुख्यतः 1994 च्या कायद्याबद्दल आहेत.

टीआयडी स्थापन कशी होते?

सुरुवात पिटिशनने होते. प्रस्तावित आकारणीची 50 टक्क्यांहून अधिक रक्कम ज्यांच्याकडून येणार आहे, अशा मालकांच्या सह्या लागतात. सोबत ‘मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट प्लॅन’, म्हणजे आराखडा, जोडावा लागतो: हद्दीचा नकाशा, कोणती हॉटेलं, किती टक्के, किती वर्षं, कशावर किती खर्च. मग कौन्सिल इराद्याचा ठराव करते, प्रत्येक मालकाला टपालाने नोटीस जाते, एक सार्वजनिक बैठक आणि त्यानंतर हिअरिंग होतं. हिअरिंगमध्ये विरोध पुरेसा नसला तर कौन्सिल टीआयडी मंजूर करू शकते.

पहिली मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची, नूतनीकरण दहा वर्षांपर्यंत.

माझं 14 खोल्यांचं मोटेल. मोठ्या हॉटेलांपुढे माझ्या सहीला काय किंमत?

इथे आकडे मांडूनच बोलू. समजा तुमची सरासरी 60 टक्के खोल्या भरतात आणि भाडं 90 डॉलर आहे. 14 खोल्या, 365 दिवस, म्हणजे वर्षाला 3,066 रूम नाइट्स आणि साधारण 2,76,000 डॉलरचं उत्पन्न. आकारणी 2 टक्के असेल तर तुमच्याकडून वर्षाला साडेपाच हजार डॉलर जाणार. गावाची एकूण आकारणी 4,00,000 डॉलर असेल, तर तुमचं वजन दीड टक्क्याच्याही आत.

वाचून हात गळतात, मान्य. पण दोन गोष्टी बघा. पहिली: एकाच मालकाचा वाटा 40 टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर वरचा भाग पिटिशनच्या मोजणीत धरत नाहीत. समजा फ्रीवेजवळच्या मोठ्या हॉटेलवाल्याकडून 60 टक्के रक्कम येते, तरी तो एकट्याच्या जोरावर प्रस्ताव पुढे रेटू शकत नाही. त्याला इतरांच्या दारात यावंच लागतं. दुसरी: तुमच्यासारखी वीस मोटेलं एकत्र आली की तो वाटा साडेसत्तावीस टक्क्यांवर जातो. तेवढं वजन असलेल्या गटाशी बोलल्याशिवाय कोणताही शहाणा आयोजक आराखडा पक्का करत नाही. दर कमी करून घ्यायचा, छोट्या मालमत्तांना वगळायला लावायचं, संस्थेच्या मंडळावर छोट्यांसाठी जागा राखून घ्यायची, ती वेळ पिटिशनच्या आधीची. सह्या गोळा झाल्यावर या मागण्या मान्य करून घेणं फार अवघड जातं.

विरोध करायचा असेल तर?

लेखी करा, आणि हिअरिंग संपायच्या आत पोचवा. सभेत उठून तावातावाने बोललात पण कागद दिला नाही, तर मोजणीत तुमचा विरोध नाही. आकारणीच्या 50 टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम भरणाऱ्यांचा लेखी विरोध आला, तर कौन्सिलला थांबावंच लागतं आणि तोच प्रस्ताव वर्षभर पुन्हा आणता येत नाही.

टीआयडी चालू झाल्यावरही दार बंद होत नाही. दरवर्षी 30 दिवसांची एक खिडकी असते. त्या काळात निम्मी किंवा अधिक आकारणी भरणाऱ्यांनी अर्ज केला, तर टीआयडी मोडण्यावर कौन्सिलला सुनावणी घ्यावी लागते. ही खिडकी कधी उघडते ते आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मी सही केली नाही, तरी भरावं लागेल?

हो. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीत मेंटेनन्स वाढीविरुद्ध मत दिलेल्यालाही वाढीव मेंटेनन्स भरावाच लागतो, तसंच. नाहीतर निम्मे भरणार आणि सगळे मजा मारणार. ऐच्छिक वर्गणीवर चालणाऱ्या जाहिराती याच कारणाने दोन-तीन हंगामांत थंडावतात.

पाहुण्याच्या बिलात हे लावता येतं का?

बहुतेक आराखड्यांत परवानगी असते, पण वेगळी ओळ दाखवावी लागते. समजा खोलीचं भाडं 120 डॉलर, टीओटी 10 टक्के, टीआयडी 2 टक्के. मग बिल असं: भाडं 120.00, टीओटी 12.00, टीआयडी 2.40, एकूण 134.40. टीआयडीची रक्कम भाड्यात मिसळून टाकली की त्यावरही टीओटी लागण्याचा धोका असतो. वेगळी दाखवली तर ती हॉटेलचं उत्पन्न धरू नये, असं बऱ्याच आराखड्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या आराखड्यातलं ते वाक्य शोधा आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही आकारणी नीट बसवून घ्या.

पाहुण्याकडून वसूल करा अथवा करू नका, देणं मात्र तुमचंच. पाहुणा वाद घालून 2.40 डॉलर न देता गेला, तरी सिटी तुमच्याकडे बघते. सलग 30 दिवसांपेक्षा जास्त राहणारे आणि सरकारी कामावर आलेले कर्मचारी अनेक ठिकाणी वगळलेले असतात. तुमच्या आराखड्यातली यादी पाहूनच सूट द्या, आणि सूट दिल्याचा कागद जपा.

पैसा जातो कुठे?

विक्रीला आणि प्रसिद्धीला. परिषदा, लग्नं, शाळा-कॉलेजांच्या क्रीडास्पर्धा गावात आणणारी माणसं, ऑनलाइन जाहिराती, गावाची वेबसाइट, मंदीच्या महिन्यांत खोल्या भरतील असे सोहळे. वसुलीच्या कामाबद्दल सिटी एक-दोन टक्के ठेवून घेते.

यात मी सर्वांत जास्त लक्ष देते ते एका गोष्टीकडे: जाहिरात पाहून आलेला माणूस शेवटी कुठे पोचतो? गावच्या वेबसाइटवर ‘मुक्काम’ दाबल्यावर आकारणी भरणाऱ्या सगळ्या मालमत्ता दिसल्या पाहिजेत, 14 खोल्यांचं मोटेलसुद्धा. तिथे फक्त चार मोठ्या ब्रँडची चित्रं फिरत असतील, तर छोट्यांनी मंडळासमोर हा मुद्दा लेखी मांडावा. पैसे भरणाऱ्याला थेट फायदा मिळालाच पाहिजे, हा कायद्याचा पाया आहे. रेस्टॉरंटला किंवा गिफ्ट शॉपला ओघाने गिऱ्हाईक मिळालं तर हरकत नाही, पण खर्चाचा रोख खोल्यांवर हवा.

सान दिएगोत एवढा वाद का झाला?

कारण तिथे सगळे कच्चे दुवे एकाच वेळी उघडे पडले, आणि या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण समजून घ्यावं.

सान दिएगोचं टूरिझम मार्केटिंग डिस्ट्रिक्ट 2008 मध्ये सुरू झालं, खोलीभाड्यावर 2 टक्के. शहराने आपल्या स्वतंत्र नियमावलीखाली 2012 मध्ये त्याचं नूतनीकरण केलं ते तब्बल साडेएकोणचाळीस वर्षांसाठी! राज्याच्या कायद्यातल्या दहा वर्षांच्या मर्यादेशेजारी हा आकडा ठेवून बघा. एवढ्यात महापौरपदी बॉब फिलनर आले. त्यांनी 2013 मध्ये हा पैसा हॉटेलवाल्यांच्या संस्थेकडे सोपवणाऱ्या करारावर सही करायला नकार दिला. एवढा पैसा इतकी वर्षं हॉटेलवाल्यांच्या हाती आणि शहराला काय, हा त्यांचा सवाल होता. हॉटेलवाले कोर्टात गेले. दुसऱ्या बाजूने नागरिकांच्या एका गटाने दावा लावला की मतदारांना न विचारता लावलेला हा करच आहे. पाहुण्यांकडून 2 टक्के घेतले जात होते आणि खर्च अडकला होता, अशी अवस्था काही काळ होती. तडजोड झाली, पण खटल्यांची टांगती तलवार राहिलीच. शेवटी 2016 मध्ये आकारणी फक्त 70 किंवा अधिक खोल्यांच्या मालमत्तांपुरती मर्यादित केली गेली, म्हणजे छोटे बाहेर पडले.

मला यातून दिसतं ते असं: मुदत लांबवण्याचा मोह धरला की भरवसा जातो. पाच वर्षांनी पुन्हा सगळ्यांच्या दारात जावं लागणं कटकटीचं आहे, पण टीआयडी प्रामाणिक राहते ती त्याच कटकटीमुळे.

सगळ्यांना एकच दर असतो का?

नाही, आणि नसावाही. लॉस एंजेलिसने 2011 मध्ये सुरुवात केली ती 50 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांपासून, दीड टक्क्याने. टेक्सासमध्ये डॅलसने 2012 मध्ये 100 किंवा अधिक खोल्यांची हॉटेलं धरली, दर 2 टक्के. वॉशिंग्टन राज्याच्या 2003 च्या कायद्यात टक्केवारी नव्हती, खोलीमागे रात्रीला ठरावीक डॉलर होते. सिअ‍ॅटलने 2011 मध्ये शहराच्या मध्यभागातल्या 60 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना रात्रीला 2 डॉलर लावले.

सॅन फ्रान्सिस्कोची 2009 ची रचना मला विशेष विचारपूर्वक केलेली वाटते. त्यांनी शहराचे दोन झोन केले. मॉस्कोन कन्व्हेन्शन सेंटर ज्या भागाच्या जवळ आहे तिथे दर जास्त, लांबच्या हॉटेलांना कमी. परिषदेला आलेला माणूस चालत जाता येईल असंच हॉटेल घेतो, तेव्हा ज्याला लाभ जास्त त्याने जास्त द्यावं. तुमचं मोटेल समुद्रापासून किंवा परिषदगृहापासून लांब असेल, तर झोनची मागणी करणं अगदी रास्त आहे.

एअरबीएनबीवर दोन खोल्या देतो. मलाही लागू?

आराखड्यात ‘व्हेकेशन रेंटल’ किंवा ‘शॉर्ट टर्म रेंटल’ हे शब्द असतील तर हो. काही ठिकाणी ते धरलेले आहेत, काही ठिकाणी नाहीत. एक चूक टाळा: प्लॅटफॉर्म टीओटी परस्पर भरतो म्हणून टीआयडीही भरत असेल असं गृहीत धरू नका. सिटीच्या वित्त विभागाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

जाहिरात बंद केली तर खरंच काही बिघडतं का?

कोलोरॅडोने ते करून पाहिलं. 1993 मध्ये पर्यटनासाठीच्या विशेष कराची मुदत वाढवायला तिथल्या मतदारांनी नकार दिला आणि राज्याचं सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलरचं जाहिरातीचं बजेट शून्यावर आलं. डोंगर तिथेच होते, बर्फ तिथेच होतं, तरी पर्यटकांच्या बाजारातला राज्याचा वाटा घसरला. 2000 मध्ये राज्याने पुन्हा पर्यटन कार्यालय उभं केलं.

याचा अर्थ जाहिरातीवर टाकलेला प्रत्येक डॉलर परत येतो असा मात्र होत नाही. ‘एका डॉलरमागे अमुक डॉलर मिळवले’ असं अहवालात छापून आलं, तर ते कसं मोजलं हे जरूर विचारा. विमानभाडं स्वस्त झालं, पेट्रोल उतरलं, शेजारच्या गावात वणवा लागला, या सगळ्याने खोल्या भरतात किंवा रिकाम्या राहतात.

व्हिजिट कॅलिफोर्नियाची आकारणी येते, ती हीच का?

नाही, ती राज्यपातळीवरची. व्हिजिट कॅलिफोर्निया ही सगळ्या राज्याच्या पर्यटनाची जाहिरात करणारी संस्था. 1995 च्या कॅलिफोर्निया टूरिझम मार्केटिंग कायद्याखाली पर्यटन व्यवसायांनी स्वतः मतदान करून ती स्वीकारली. दोन्ही स्वतंत्र आहेत, एक भरली म्हणून दुसरी सुटत नाही.

गावातल्या रहिवाशांना यात आवाज आहे का?

औपचारिक मत नाही. हिअरिंगला येऊन ते बोलू शकतात आणि कौन्सिलर त्यांनी निवडून दिलेले असतात, एवढंच. ही टीका मला गंभीर वाटते. पर्यटक वाढले की पार्किंग, कचरा, घरभाडी यांचा भार रहिवाशांवर पडतो, आणि जाहिरातीचा पैसा मात्र त्यांच्या हातात नसतो. समंजस टीआयडी गर्दीच्या महिन्यांची जाहिरात करतच नाहीत. खोल्या रिकाम्या असतात त्या आठवड्यांवर पैसा लावतात. यात मोटेलवाल्याचंही भलं आहे: ऑगस्टमधल्या शनिवारी त्याची खोली तशीही जाते.

अमेरिकेबाहेर असं कुठे आहे?

मँचेस्टरचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. तिथल्या महापालिकेला पर्यटक कर लावण्याचा अधिकारच नव्हता. तेव्हा हॉटेलवाल्यांनी बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टच्या कायद्याचा आधार घेतला, आपसांत मतदान केलं आणि 1 एप्रिल 2023 पासून खोलीमागे रात्रीला 1 पौंड सुरू केला. पहिल्या वर्षी सुमारे 28 लाख पौंड जमले. शहरात आधीच नवी हॉटेलं झपाट्याने उभी राहत होती, खोल्या भरायच्या कशा ही चिंता त्यांचीच होती, म्हणून पुढाकारही त्यांनीच घेतला.

महाराष्ट्रात असं करता येईल का?

आजच्या कायद्याने जसंच्या तसं नाही. हॉटेलांवरचा राज्याचा जुना कर, म्हणजे 1987 च्या कायद्याचा लक्झरी टॅक्स, 1 जुलै 2017 ला जीएसटीत विरला. खोलीवरचा जीएसटी सरकारी तिजोरीत जातो, तारकर्लीच्या खोलीवर घेतलेला पैसा तारकर्लीच्या जाहिरातीला येईल अशी सोय त्यात नाही. माथेरान आणि महाबळेश्वरला नगरपरिषद पर्यटकांकडून वेशीवरच पैसे घेते, पण तो येणाऱ्या माणसावरचा कर आहे आणि त्याच्या खर्चावर हॉटेलवाल्यांचं मंडळ नसतं. बहुमताने ठरवून सगळ्या लॉजवाल्यांना बांधील करायचं, तर राज्याने तसा कायदाच करायला हवा. घटनेच्या अनुच्छेद 265 प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही, आणि नगरपरिषदेलाही करांचे अधिकार राज्याच्या कायद्यातूनच मिळतात.

तोवर ऐच्छिक मार्ग आहे. पैसा जिथे जमतो तिथेच राहिला तर लोक टिकून राहतात, हे कास पठारावर दिसलं आहे. तिथे फुलांच्या हंगामातलं प्रवेश शुल्क स्थानिक गावांच्या समितीमार्फत गोळा होतं आणि गावातल्या तरुणांना त्यातून काम मिळतं. एखाद्या किनाऱ्यावरच्या पंधरा-वीस होमस्टेवाल्यांनी लेखी आराखडा केला, रूम नाइटमागे दहा-वीस रुपये ठरवले, स्वतंत्र बँक खातं उघडलं आणि दर दिवाळीनंतर हिशेब सगळ्यांसमोर ठेवला, तर सुरुवात नक्की होईल. सिंधुदुर्ग हा 1997 पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर आहे. तिथल्या संघटनांनी राज्याकडे अशा कायद्याची मागणी करावी, असं मला मनापासून वाटतं.

नूतनीकरणाची नोटीस आली आहे. सभेला जाण्याआधी काय बघू?

गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागवा. मालकांची संस्था खासगी असली, तरी टीआयडीच्या कामापुरता तिला ब्राऊन कायदा लागू असतो. म्हणजे नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते आणि सभा सगळ्यांसाठी खुली असते. कागदपत्रंही सार्वजनिक नोंदी म्हणून मागता येतात.

अहवालात पगार व कार्यालयावर किती आणि प्रत्यक्ष जाहिरातीवर किती, हे वेगळं करून पाहा. शिल्लक रक्कम साठत चालली असेल तर कशासाठी, ते विचारा. जुना आणि नवा आराखडा शेजारी ठेवून हद्द, दर आणि मुदत या तीन ओळी ताडून बघा, बदल बहुधा तिथेच असतो. नवा आराखडा दर वाढवण्याचा अधिकार मंडळाला देत असेल, तर कमाल मर्यादा किती हे त्यात लिहिलेलं असायलाच हवं. मंडळावर किती जागा आहेत, निवडणूक कधी आहे आणि छोट्या मालमत्तांचं कोण बसतं, हेही विचारून घ्या. जागा रिकामी असेल तर त्याच सभेत आपलं नाव द्या.